हॉलिवुडचें जंगल आणि म्हसवडचा माळ

जंगल हा शब्द उच्चारतांच शहरांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. आकाश झांकून टाकणारे वृक्ष, त्यांना विळखे घालणाऱ्या वेली, भर दुपारीं पसरलेला काळोख, दलदलींत पहुडलेली मगर, दूरवरून येणारा नगाऱ्यांचा घुमारा, आणि या सर्वांवरून वेलीला लोंबकळत जाणारा एखादा धिप्पाड गोरा पुरुष! हें चित्र त्यानें कोठें पाहिलेलें असतें? कोयनेच्या खोऱ्यांत किंवा ताडोब्याच्या रानांत जाऊन आलेले लोक त्या मानानें थोडेच. परंतु हॉलिवुडचा जंगलपट किंवा त्याची देशी नक्कल एकदांही न पाहिलेला माणूस सांपडणें कठीण. १९३० ते १९६० या तीस वर्षांत अमेरिकेंतून जे साहसपट जगभर गेले, त्यांनीं 'जंगल' या शब्दाचा अर्थच ठरवून टाकला. मौज अशी कीं, हा शब्द मुळांत अमेरिकेचा नाहीं आणि आफ्रिकेचाही नाहीं. तो आपला आहे. आणि त्याचा पहिला अर्थ ज्या भूमीला तंतोतंत लागू पडतो अशी भूमि पाहावयाची असेल, तर सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, म्हसवडास जावें.

म्हसवड हें माण तालुक्यांतील, माण नदीच्या कांठचें जुनें गांव. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी हीं तेथलीं दैवतें. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, त्यांचा रथ निघतो आणि लांबलांबचे लोक यात्रेला लोटतात. सेनापति संताजी घोरपडे यांच्या १६९७ सालच्या वधाशीं ज्याचें नांव इतिहासानें जोडलें आहे, तो नागोजी माने म्हसवडचाच. गांवाबाहेर पडलें म्हणजे दृष्टीला अडवील असें फारसें कांहीं उरत नाहीं. करडा माळ, मधूनच एखादी बाभळ, बोर किंवा तरवड, बोडक्या टेकड्या, वाऱ्याबरोबर लवणारें कुसळी गवत, मेंढरांचे कळप, आणि त्यांच्यामागें खांद्यावर घोंगडी टाकून चाललेला धनगर. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं दोनशें इंचांवर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांतील म्हसवडास वीस इंचांच्या आसपास, आणि तोही बेभरंवशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दुष्काळानें हा प्रदेश होरपळल्यावर इंग्रज सरकारनें माण नदीवर बांध घालून राजेवाडीचें मोठें तळें तयार केलें, तें याच कारणासाठीं.

आतां हा उजाड माळ आणि 'जंगल' हा शब्द यांचा संबंध काय? तो समजण्यासाठीं प्राचीन वैद्यकाकडे वळावें लागतें. चरक आणि सुश्रुत यांनीं देशाचे, म्हणजे भूमीचे, तीन प्रकार मानले आहेत : आनूप, जांगल आणि साधारण. जेथें पाणी विपुल, नद्या पुष्कळ, झाडी दाट आणि हवा दमट, तो आनूप देश. त्याच्या अगदीं उलट तो जांगल. सुश्रुतानें केलेलें जांगल देशाचें वर्णन असें आहे : वर मोकळें आकाश, विरळ व कांटेरी झाडें, थोडा पाऊस, थोडे झरे व विहिरी, उष्ण व प्रखर वारे, तुरळक टेकड्या, आणि अंगानें कृश पण चिवट माणसें. हें वाचतांना माणदेश पाहून तर तें लिहिलें नसेल ना, असा भास होतो! या भूमीला प्राचीनांनीं हीन मानलें नाहीं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें वस्ति करण्यास योग्य म्हणून जो देश सांगितला आहे, तो जांगलच. हरणें आणि तित्तिर जेथें स्वच्छंद हिंडतात आणि जेथली हवा निरोगी, असा तो देश. महाभारतांतील कुरुजांगल हें नांव त्यावरूनच पडलें, आणि राजस्थानांतील बिकानेरच्या वाळवंटी मुलुखाला तर अगदीं अलीकडच्या काळापर्यंत जांगळ देश म्हणत.

म्हणजे ज्या शब्दानें आज गर्द झाडी सुचते, त्या शब्दाचा जन्म झाडी नसलेल्या भूमीसाठीं झाला. मग हा उलटापालट झाला कसा? त्याची हकीकत इंग्रजी अमदानींत सांपडते. १७७६ सालीं हॅल्हेड नांवाच्या इंग्रजानें हिंदु धर्मशास्त्राच्या एका संग्रहाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत पांच वर्षें नांगराविना पडून राहिलेल्या जमिनीला 'जंगल' असें म्हटलेलें आढळतें. इंग्रजींत हा शब्द ज्या लेखांतून प्रथम शिरला, त्यांपैकीं हा एक. येथें जंगल म्हणजे केवळ पडीक जमीन. परंतु बंगालसारख्या ओल्या प्रांतांत जमीन पडून राहिली कीं तींत झुडपें माजतात, आणि थोड्याच वर्षांत तीं माणसाच्या उंचीपलीकडे जातात. पडीक जमिनीचें नांव अशा रीतीनें तींत माजलेल्या झाडीला मिळालें. १८८६ सालीं यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश निघाला, तेव्हां मूळ अर्थ आणि इंग्रजांच्या तोंडचा अर्थ यांतील हें अंतर कोशकारांना नोंदवून ठेवावें लागलें.

अर्थांतील हा बदल केवळ कोशांत राहिला असता तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु शब्दाबरोबर सत्ताही चालत असते. १८७८ च्या कायद्यानें सरकारनें राखीव जंगलें आंखून घेतलीं, आणि 'जंगल' या शब्दाला गांवकऱ्यांच्या लेखीं नवाच अर्थ आला : जेथें गुरें घालतां येत नाहींत आणि गवत कापतां येत नाहीं अशी सरकारी जागा. १९३० सालीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं जंगल सत्याग्रह झाले. तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील बिळाशीचा सत्याग्रह त्यांत विशेष गाजला. त्या लढ्यांत शेतकऱ्यांनीं हातीं घेतलें तें शस्त्र विळा, आणि मागितला तो हक्क बहुतांशीं चाऱ्याचा. जंगल म्हणजे चराऊ रान, ही जुनी समजूत लोकांच्या मनांत अद्याप जिवंत होती. माणदेशांत तर 'रानांत गेला आहे' म्हणजे शेतावर गेला आहे असाच अर्थ होतो. शेत, माळ आणि रान यांच्यामध्यें तेथल्या भाषेनें कुंपण घातलेलें नाहीं.

परंतु इकडे विळे उचलले जात असतां तिकडे समुद्रापार याच शब्दावर एक मोठा धंदा उभा राहत होता. त्याची सुरुवात मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगपासून करावी लागते. त्याचें 'जंगल बुक' १८९४ सालीं प्रसिद्ध झालें. कथा सिवनीच्या डोंगरांतील, पण ती लिहिली गेली अमेरिकेंतील व्हर्माँटच्या बर्फाळ मुलुखांत. त्यानंतर १९१२ सालीं एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाचा टारझन एका मासिकांत अवतरला. बरोजनें आफ्रिका कधींच पाहिली नव्हती. मासिकांतील पहिल्या कथेंत त्यानें आफ्रिकेच्या अरण्यांत चक्क वाघ सोडला होता! आफ्रिकेंत वाघ नसतो हें ध्यानांत आल्यावर १९१४ च्या पुस्तकांत त्या वाघाची सिंहीण करण्यांत आली.

१९३२ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें टारझनचा बोलपट काढला. ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचीं पांच सुवर्णपदकें मिळविणारा जॉनी वाइसमुलर हा त्याचा नायक. पुढें १९४८ पर्यंत त्यानें टारझनच्या बारा चित्रपटांत काम केलें. दिग्दर्शक व्हॅन डाइक यानें आधींच्या एका चित्रपटासाठीं खऱ्या आफ्रिकेंत जाऊन पुष्कळ चित्रीकरण केलें होतें. त्यांतील उरलेले तुकडे या नव्या चित्रपटांत जोडले गेले. बाकीचें जंगल लॉस एंजेलिसच्या आसपासच उभें राहिलें. आफ्रिकेचे हत्ती मिळणें अवघड, आणि मिळाले तरी ते माणसाळणें त्याहून अवघड. म्हणून आशियांतील शिकविलेले हत्ती आणण्यांत आले. पण आपल्याकडच्या हत्तीचे कान लहान. त्यावर तोड अशी निघाली कीं, त्यांना मोठे खोटे कान लावावयाचे! आपल्या हत्तींनीं अशा रीतीनें परके कान लावून आफ्रिकेचें सोंग वठविलें. आफ्रिकेंतील माणसांच्या वांट्याला मात्र त्याहून वाईट सोंग आलें. ओझीं वाहणारा हमाल किंवा भाला नाचविणारा रानटी, यांपलीकडे त्यांना या चित्रपटांत बहुधा कांहीं काम नसे.

त्यांतही एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. या चित्रीकरणाची एक प्रमुख जागा म्हणजे शेरवुड नांवाचें तळें. तें बांध घालून केलेलें तळें आहे. ज्या लॉस एंजेलिसच्या परिसरांत हें सर्व घडलें, तेथें वर्षाकाठीं सरासरी पाऊस पडतो पंधरा इंचांच्या आसपास, म्हणजे म्हसवडइतकाही नाहीं. त्या शहराची तहान भागविण्यासाठीं १९१३ सालीं ओवेन्स खोऱ्यांतून दोनशें मैलांहून लांब कालवा आणावा लागला. सुश्रुताच्या दृष्टीनें पाहिलें तर हॉलिवुड हें स्वतःच जांगल देशांत वसलेलें आहे! मूळ जांगल भूमीवर पाणी शिंपून, कुंड्यांतील झाडें मांडून, आनूप देशाचा देखावा उभा करावयाचा आणि त्याला 'जंगल' म्हणून जगाला विकावयाचें, असा हा विलक्षण व्यवहार होता. राजेवाडीचें तळें शेतासाठीं झालें. शेरवुडच्या तळ्याच्या नशिबीं टारझनची उडी आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हा व्यवहार आणखी वैभवाला चढला. १९४२ सालीं अलेक्झांडर कोर्डा आणि त्याचा भाऊ झोल्टन यांनीं किपलिंगच्या 'जंगल बुक'चा रंगीत बोलपट केला. सिवनीचें अरण्य कॅलिफोर्नियांत उभारलें गेलें. कांहीं प्राणी खरे, तर अजगरासारखे कांहीं रबराचे. त्यांतील मोगली मात्र अस्सल भारतीय होता. साबू हा १९२४ सालीं म्हैसूर संस्थानांतील कारापूर येथें जन्मलेला एका माहुताचा मुलगा. १९३७ च्या 'एलिफंट बॉय' या चित्रपटानें त्याला जगापुढें आणलें. पुढें तो अमेरिकेचा नागरिक झाला, महायुद्धांत विमानांतील तोफची म्हणून लढला, त्याबद्दल त्याला सन्मानपदकही मिळालें. परंतु हॉलिवुडला त्याच्याकडून हवी होती ती केवळ लंगोटी आणि हत्तीची पाठ. १९४८ सालीं जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकाचें नांव घेऊन चित्रपट निघाला, त्यांतही साबू होता. पुस्तकांतलें नांवापलीकडे त्यांत फारसें कांहीं उरलें नव्हतें. कामें करणाऱ्यांत वाघ तेवढा चांगला होता, असें कॉर्बेट म्हणाला म्हणतात. १९६३ सालीं, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं साबू वारला.

१९५२ सालीं तर हॉलिवुड प्रत्यक्ष हिंदुस्थानांत आलें. सालेमच्या मॉडर्न थिएटर्सच्या सहकार्यानें 'द जंगल' नांवाचा चित्रपट येथें काढण्यांत आला. आतां खरा देश, खरे हत्ती, खरीं झाडें. मग तरी सोंगें संपलीं का? नाहीं. कथेला प्राचीन केसाळ हत्ती हवे होते. तेव्हां दक्षिणेंतील बिचाऱ्या हत्तींच्या अंगावर लोंकरीचें पांघरूण चढविण्यांत आलें. वीस वर्षांपूर्वीं ज्यांना आफ्रिकेचे कान लावले, त्यांच्याच जातभाईंना आतां हिमयुगाचे केस लावले गेले. स्वतःच्या देशांतही हत्तीला हत्ती म्हणून राहतां आलें नाहीं.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीनें ही नवी जंगलविद्या तत्परतेनें उचलली. १९३७ सालीं वाडिया मूव्हीटोननें 'तूफानी टारझन' काढला. होमी वाडिया त्याचे दिग्दर्शक आणि जॉन कावस नायक. १९५८ सालीं होमी वाडियांनींच 'झिंबो' पडद्यावर आणला. असे मारधाडीचे बोलपट शहरांतून उतरले कीं फिरत्या तंबूंतून खेडोपाडीं जात. सातारा-सांगलीकडच्या यात्रांचा आणि तंबूंतील सिनेमाचा संबंध फार जुना आहे. मोकळ्या माळावर तंबू ठोकावयाचा, यंत्र लावावयाचें आणि रात्रीं तीन-तीन खेळ करावयाचे. जांगल देशांतील माणूस आपल्याच माळावर मांडी घालून बसला, आणि जंगल कसें असतें तें पडद्याकडे पाहून शिकला! शब्द हिंदुस्थानांतून गेला होता. तो परत आला तेव्हां त्यानें आपलेंच गांव ओळखेनासें केलें.

आणि त्या माळावर खरोखर काय होतें? चिंकारा आणि काळवीट होते, लांडगे आणि खोकड होते, तणमोर आणि माळढोक होते. एके काळीं दख्खनच्या अशाच मोकळ्या माळांवरून चित्ता धांवत असे. चित्ता हा गर्द अरण्याचा प्राणी नव्हे. त्याला धांवावयास मोकळें रान लागतें, म्हणजेच जांगल देश लागतो. हॉलिवुडनें त्याचेंही नांव घेतलें, परंतु तें दिलें टारझनच्या वानराला! 'चीता' हा आपला शब्द पडद्यावर एका चिंपांझीचें नांव होऊन जगभर दुमदुमला. इकडे १९४७ सालीं मध्यभारतांतील कोरिया संस्थानांत भारतांतले अखेरचे तीन चित्ते गोळीला बळी पडले, आणि १९५२ सालीं, म्हणजे केसाळ हत्तींचा तो चित्रपट आला त्याच वर्षीं, भारतांतून चित्ता नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. जंगलाचें कौतुक पडद्यावर शिगेला पोहोंचलें असतां खऱ्या जांगल भूमीचा सर्वांत वेगवान जीव कोणाचें फारसें लक्ष न जातां संपला.

या घटनेंत शब्दाच्या चुकीची खरी किंमत दिसून येते. जंगल म्हणजे दाट झाडी, हें एकदां ठरलें कीं जेथें झाडी नाहीं तेथें जपण्याजोगें कांहीं नाहीं असें मन समजूं लागतें. गवताळ माळ मग सरकारी कागदांत 'पडीक' ठरतो. त्यावर झाडें लावणें हें पुण्य आणि तो नांगरणें ही प्रगति ठरते. माळढोकासाठीं सोलापूर-नगर भागांत अभयारण्य जाहीर झालें तें १९७९ सालीं, तोंवर हा पक्षी विरळ होऊन गेला होता. चित्ता पुन्हां भारताच्या भूमीवर उतरला तो २०२२ च्या सप्टेंबरांत, मध्यप्रदेशांतील कुनो येथें, आणि तोही नामिबियाहून विमानानें.

मात्र माणदेशानें हॉलिवुडला दिलेलें एक उत्तरही इतिहासांत नमूद आहे. औंध संस्थानांत, म्हसवडहून फार दूर नसलेल्या आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नांवाची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या पुढाकारानें आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यानें तेथें गंभीर गुन्ह्यांतील कैदी भिंतीवांचून आणि बेडीवांचून राहूं लागले व माळरान कसूं लागले. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनीं कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण केला. त्यांत सहा खुनी कैदी एका ओसाड जमिनीचें शेत करतात. हॅल्हेडच्या १७७६ च्या व्याख्येनें पाहिलें तर हाच खरा जंगलपट म्हणावा लागेल! त्यांत खोट्या कानांचे हत्ती नाहींत. एक बैल आहे, आणि तो इतका खरा होता कीं त्याच्याशीं झुंजतांना शांतारामांच्या डोळ्याला जबर इजा झाली. १९५८ सालीं या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवांत रौप्य अस्वल मिळालें, आणि १९५९ सालीं हॉलिवुडच्याच गोल्डन ग्लोब पारितोषिकांत सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार. माणदेशच्या माळाची कथा अशा रीतीनें थेट टारझनच्या गांवीं जाऊन मान घेऊन आली.

कवि माडगूळकरांचे धाकटे बंधु व्यंकटेश माडगूळकर यांनीं हेंच काम लेखणीनें केलें. १९२७ सालीं माणदेशांत जन्मलेला हा लेखक पुढें पुणें नभोवाणीवर दीर्घकाळ होता. १९५५ च्या 'बनगरवाडी'त त्यांनीं धनगरांची वाडी, मेंढरें आणि दुष्काळ शब्दबद्ध केला. नंतर नागझिऱ्याच्या अरण्यांत राहून त्यावर पुस्तक लिहिलें. आणि वानरांच्या टोळ्यांवरील 'सत्तांतर' या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या वानराला चित्त्याचें नांव घ्यावें लागलें नाहीं. उजाड माळावर ज्याचे डोळे तयार झाले, त्यालाच गर्द अरण्यही नीट दिसलें, यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. जेथें झाडें थोडीं तेथें प्रत्येक झाडाला ओळख असते. जेथें पाणी थोडें तेथें पाणवठ्यावरचें प्रत्येक पाऊल वाचावें लागतें.

हॉलिवुडच्या जंगलपटांनीं दोन पिढ्यांच्या लहानथोरांची करमणूक केली, हें नाकारण्याचें कारण नाहीं. वाइसमुलरची आरोळी ऐकून ज्यांचीं मुलें घरांतील दोरीला लोंबकळलीं, त्यांनीं तो आनंद आठवावा. परंतु करमणुकीनें घेतलेला शब्द केव्हां तरी मूळ मालकाला परत द्यावा लागतो. सातारा जिल्ह्याला दोन्ही देश लाभले आहेत : कोयनेकडचा आनूप आणि माणकडचा जांगल. २०१० सालीं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, तेव्हां पहिल्याला मान मिळाला. दुसऱ्याकडे मात्र प्रवासी मोटारीच्या खिडकींतून पाहतो आणि 'येथें कांहींच नाहीं' असें म्हणून पुढें जातो. म्हसवडच्या माळावर संध्याकाळीं मेंढरें परततात, त्यांच्यामागें अंतर राखून क्वचित् एखादा लांडगा चालत असतो, आणि वर सुश्रुतानें सांगितलेलें तेंच मोकळें आकाश असतें. जंगल या शब्दाचा जुना अर्थ तेथें अजून नांदत आहे.